काकूंचा आकडा

"बोटं दाखव."

नव्या माणसाशी काकू ओळख करून घेत ती अशी. नाव नाही, गाव नाही, कोणाचा कोण तेही नाही. समोरच्याचा हात धरायचा, उताणा करायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि बोटांची टोकं एकेक करून बघायची. बऱ्याच जणांना वाटे, बाई हात बघून भविष्य सांगतात. एकाने तर दुसराही हात पुढे केला होता आणि नोकरीचं काही दिसतं का म्हणून विचारलं होतं.

"नोकरीचं मले काय मालूम," काकू म्हणाल्या. "पन तू चार दिवसांपासून शुगर पाह्यली नाही, हे दिसून राह्यलं."

जळगाव जामोदला बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांची पिठाची गिरणी होती. वय साठीच्या पुढे, अंगाने काटकुळ्या. केसांवर आणि भुवयांवर कायम पीठ, त्यामुळे बाई खरंच किती पिकल्यात हे कोणाला सांगता येत नसे. सतराव्या वर्षी त्यांना टाइप वन डायबेटिस झाला. म्हणजे शरीरात इन्शुलिन तयार होणंच बंद. यात गोळी चालत नाही, नुसतं पथ्य पुरत नाही, रोज सुई घ्यावी लागते. दळायला आलेल्या कोणी कारल्याचा रस सुचवला की काकू ठणकावून सांगायच्या, "गोळीची शुगर वेगळी अन् सुईची वेगळी. तुमचं कारलं तुमच्याच भाजीत टाका."

त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांची वाटणी झालेली होती. अंगठा आणि त्याशेजारचं बोट पिठासाठी. जात्यातून उतरणारं पीठ या दोन बोटांच्या चिमटीत चोळून त्या जाडं-बारीक ठरवत. तिथे सुई लावायची नाही, कारण टोचलेल्या बोटाला पीठ नीट कळत नाही. उरलेली तीन बोटं शुगरची. तीही टोकाला नाही, कडेने टोचायची. तुम्ही अशी पुष्कळ माणसं पाहिली असतील जी आपल्या आजाराबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. काकू आजाराबद्दल बोलताना जात्याच्या वर आवाज काढत, कारण जातं चालूच असे.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो माझ्या मूर्खपणामुळे.

मी डोणगावचा. एकोणतिसाव्या वर्षी जळगाव जामोदच्या शाळेत मराठी शिकवायला आलो, तेव्हा माझ्या टाइप वनला दोन वर्षं झाली होती आणि हे डॉक्टर सोडले तर फक्त माझ्या आई-बाबांना माहीत होतं. आईची सक्त ताकीद होती, लग्न होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. इन्शुलिनचं पेन मी कंपासपेटीत ठेवायचो. मराठीच्या शिक्षकाला कंपासपेटी कशाला लागते, असा प्रश्न स्टाफरूममध्ये कोणाला कसा पडला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

एका रविवारी दुपारी मी खोलीवर इन्शुलिन टोचून घेतलं, तवा तापत ठेवला आणि डबा उघडला तर पीठ नाही. तवा उतरवून, ज्वारीचा डबा उचलून गिरणीवर धावलो. तिथे गव्हाची रांग. गव्हावर ज्वारी दळत नाहीत, ज्वारीची पाळी गहू संपल्यावर. मी गुमान उभा राहिलो. वीस-पंचवीस मिनिटांत घाम फुटला आणि समोरच्या बाईंच्या साडीवरची फुलं मला हलताना दिसू लागली. साखर उतरत होती, हे कळत होतं. पण चार लोकांत तोंड उघडून सांगायचं कसं, या विचारात मी फुलंच बघत बसलो.

काकूंनी जात्याचं बटण बंद केलं, सरळ माझ्याकडे आल्या आणि हात धरून उताणा केला. बोटं पाहिली. मग खुंटीवरच्या डब्यातून मूठभर गूळ काढून माझ्या तोंडात कोंबला.

"किती दिवसांपासून हाये?"

माझं तोंड गुळाने भरलेलं. मी दोन बोटं दाखवली.

"दोन वर्स. अन् सुई घेऊन रांगेत उभा राह्यला? मास्तर ना बे तू?"

त्या दिवशी माझी ज्वारी गव्हावर दळली गेली. मागच्या बाई कुरकुरल्या तेव्हा काकू म्हणाल्या, "ह्याले आधी भाकर लागते. तुमच्या पोळ्याइले टाइम हाये." मग मला म्हणाल्या, "पुढच्या रविवारी दवाखान्याच्या माडीवर ये. वही घेऊन ये."

दवाखान्याच्या माडीवर आमच्यासारख्यांसाठी डॉक्टरांनी वर्ग सुरू केला होता. सहा रविवारांचा कोर्स: शुगर कधी बघायची, जेवणाचा हिशेब कसा धरायचा, त्याप्रमाणे इन्शुलिन किती घ्यायचं. शेवटी प्रमाणपत्र. शिकवायला खामगावहून एक आहारतज्ज्ञ मॅडम यायच्या, मूळच्या पुण्याच्या. काकूंनी हा कोर्स सात वेळा केला होता. सातही प्रमाणपत्रं गिरणीत ओळीने टांगलेली होती आणि वाचायची तर आधी फुंकर मारावी लागे. सात वेळा कशाला, म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम नवीन मानसाइले एकटी सापडली तं घाबरते."

खरं तर मॅडम घाबरत त्या काकूंनाच. भिंतीवर एक छापील तक्ता होता. इडली एक, उपमा एक वाटी, मध्यम चपाती एक, आणि प्रत्येकात साखर वाढवणारा ऐवज किती ते पुढे लिहिलेलं. मॅडमनी छडी चपातीवर ठेवली.

"मध्यम कोन्ती?" काकू मागून.

"मध्यम म्हणजे... नेहमीची, काकू."

"कोनाच्या घरची नेहमीची? तुमची पुन्याची नेहमीची माह्या तळहातात मावते. इथं एका पोळीत मानूस झाकते."

तासाची सुरुवात मात्र काकूंनी ठरवलेल्या पद्धतीने होई. सगळ्यांनी बोट टोचायचं आणि गोलाने आपापला आकडा मोठ्याने सांगायचा. एकशे साठ. नव्वद. तीनशेवाला खाली मान घालून पुटपुटला की "आवाज नाही आला" म्हणून त्याला पुन्हा बोलायला लावायच्या. "आकड्याले लाजाचं काऊन? उन किती हाये सांगतो तसा सांगाचा." सगळ्यात शेवटी स्वतःचा आकडा सांगायच्या आणि मग म्हणायच्या, "हं, चालू करा." डब्यांचं जेवण असलं तर त्याच जागी "वाढा" म्हणायच्या. काकूंचा आकडा झाल्याशिवाय काहीही सुरू होत नसे. रस्त्यावरून जाणाऱ्याला वर सट्टा चालू असल्याचा संशय यावा, अशी ती सगळी बोलणी होती.

दुसऱ्या रविवारी वह्या तपासल्या. माझी वही पाहून मॅडम खूश झाल्या. पंधरा दिवसांचे सकाळ-संध्याकाळचे आकडे, एकशे दहा ते एकशे तीसच्या आत, सुंदर अक्षरात. काकूंनी वही मागून घेतली आणि उलटसुलट करून पाहिली.

"सगळं एकाच पेनानं लिवलं."

"एकच पेन आहे माझ्याकडे."

"रक्ताचा डाग नाही कुठं. तेलाचा नाही. हळदीचा नाही." त्यांनी हात पुढे केला. "मशीन दे."

त्या छोट्या मशीनला मागचे सगळे आकडे लक्षात राहतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. कोणी बघेल असं वाटलं नव्हतं. काकूंनी बटण दाबत दाबत पंधरा दिवसांत घेतलेले सगळे मिळून चार आकडे मोठ्याने वाचले. त्यातला एक तीनशे चाळीस होता. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलांना मी वर्षानुवर्षं पकडत आलो होतो, पण पकडलेल्याला नेमकं कसं वाटतं ते त्या दिवशी समजलं.

काकू रागावल्या नाहीत. वही परत दिली आणि म्हणाल्या, "खोटा आकडा लिवशील, तं सुई बी खोट्या आकड्याचीच घेशील."

त्या हिवाळ्यात मला धामणगाव बढ्याचं स्थळ आलं. मुलगी शिकलेली, घर शेतीवाडीचं, माणसं भली. एकदा बघणं झालं होतं, मुलगी मला आवडली होती आणि तिलाही मी पसंत होतो असं कळलं होतं. आता त्यांच्या मळ्यात नवसाच्या रोडग्यांचं जेवण होतं आणि आम्हा सगळ्यांना बोलावणं होतं. त्याच दिवशी पक्कं करायचं होतं. मी गिरणीत जाऊन काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"सांगतलं का त्याइले?"

मी आईच्या ताकिदीचं कारण पुढे केलं. लग्नानंतर हळूहळू सांगता येईल, असंही म्हणालो.

काकू पीठ चिमटीत चोळत होत्या. "मले पाहाले तिघं आलते. तिघाइले मी सोताच सांगतलं, सुई घेते म्हनून. तिघं बी गेले. पोहे मात्र तिघाइनंही संपवले."

"मग?"

"मंग काय. चौथा आलाच नाही. बाबानं ही गिरणी माह्या नावानं केली."

"आणि तरी तुम्ही मला सांग म्हणता?"

"हाव. काऊन की सुई लपवाले रोज एक जागा लागते. रोज कुठून आनशील जागा?"

मी विषय बदलला आणि रोडग्याचं काय करायचं ते विचारलं. हा प्रश्न खरा होता. रोडगा म्हणजे जाडसर कणकेच्या पाऱ्या एकात एक घालून वळलेला गोळा, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला. तो फोडायचा, तुपात बुडवायचा आणि वरणाबरोबर, वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. आमच्या जिल्ह्यात रोडग्याला नाही म्हणणारा पाहुणा अजून जन्मला नाही. आणि मॅडमच्या तक्त्यात रोडगा नव्हता.

"नसन तं घालू," काकू म्हणाल्या.

पुढच्या रविवारचा वर्ग गिरणीमागच्या अंगणात भरला. काकूंनी स्वतः जाडसर पीठ दळलं होतं. आम्ही सात जण, मॅडम आणि मॅडमचं रजिस्टर. मॅडमनी रोडगा हातात घेतला, सगळ्या बाजूंनी बघितला आणि आकारावरून अंदाज केला की दोन चपात्या असतील. आकडे सांगून झाले, काकूंनी "वाढा" म्हटलं, आम्ही दोन चपात्यांचं इन्शुलिन घेतलं आणि प्रयोगाला सुरुवात झाली. मॅडमनी पहिला घास घाबरत घेतला. त्यानंतर त्यांनी तुपाची वाटी आपल्याजवळच ठेवून घेतली.

दोन तासांनी सगळ्यांनी बोटं टोचली. आकडे झकास. एकशे चाळीस, एकशे तीस. मॅडमनी रजिस्टरमध्ये "यशस्वी" असं लिहून खाली रेघ मारली आणि चारची बस पकडली. आम्हीही ढेकर देत घरी गेलो. काकू तेवढ्या एकट्या अंगणात मशीन घेऊन बसून राहिल्या. पाचच्या सुमाराला त्यांचा फोन आला.

"टोच."

"आत्ताच तर पाहिली, काकू."

"टोच म्हनलं ना."

तीनशे अकरा. सातही जणांचं तेच. तुपाने साखर अडवून धरली होती आणि आता ती सावकाश, शिस्तीत चढत होती. डॉक्टरांना विचारून प्रत्येकाने काय करायचं ते काकूंनीच पुन्हा फोन करून कळवलं. मॅडम तेव्हा बसमध्ये होत्या. त्यांनाही काकूंनी फोन केला आणि रजिस्टरमधली रेघ खोडायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. पीठ किती घेतलं होतं ते त्यांच्याकडे टिपलेलं होतं, रोडगे किती झाले तेही. "भागाकार कर, मास्तर." मी मराठीचा शिक्षक असल्याचं सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. एका रोडग्यात साडेचार पोळ्यांचं पीठ निघालं. ते कळल्यावर डॉक्टरांनी नवा हिशेब बसवून दिला: इन्शुलिन अर्धं जेवताना, अर्धं मागाहून, आणि चार तासांनी पुन्हा बोट टोचायचं. पुढच्या रविवारी आम्ही परत रोडगे खाल्ले. विज्ञानासाठी एवढ्या आनंदाने कष्ट घेणारी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत. या वेळी हिशेब जमला. तक्त्यात उपम्याच्या खाली मॅडमनी निळ्या शाईने, वळणदार अक्षरात "रोडगा" लिहिलं.

धामणगाव बढ्याला काकू माझ्याबरोबर आल्या, माझ्या मावशी म्हणून. आई-बाबा डोणगावहून परस्पर आले. मळ्यात ही गर्दी. ताट समोर आल्याशिवाय सुई घ्यायची नाही, हा काकूंचा नियम मी पाळणार होतो. फक्त पाने मांडायला लागल्यावर हळूच उठून कुठेतरी आडोशाला जायचं, असं मी ठरवलं होतं.

पाने मांडायला लागले. मी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत गेलो तर आत पत्त्यांचा डाव. "या पाहुने," म्हणून त्यांनी जागा केली. तिथून पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या ढिगामागे गेलो तर एक आजोबा तंबाखू मळत बसलेले. त्यांनी माझ्या गावाची, आजोळाची आणि पगाराची चौकशी केली. गोठ्यात गेलो तर तिथे मुलीच्या चुलतीबाई तूप कढवत होत्या आणि होणारा जावई गोठ्यात काय शोधतो म्हणून माझ्याकडे पाहत राहिल्या. सात एकरांच्या त्या मळ्यात मला पोटाला सुई लावण्याएवढी जागा मिळाली नाही. पेन खिशात तसंच ठेवून मी पंगतीत येऊन बसलो.

समोरच्या ओळीत काकू बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून मशीन काढलं, पट्टी लावली, करंगळी कडेने धरली आणि तशाच बसून राहिल्या. टोचेनात. मुलगी तुपाची तपेली घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"वाढू का, मावशी?"

"थांब जराशी, माय."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. कोणाकडेच बघत नव्हत्या. रोडग्याची परात घेतलेला वाढपी येऊन थांबला, त्याच्यामागे वरणवाला थांबला, त्याच्यामागे भाजीवाला. अख्खी पंगत खोळंबली. आणि मग मला उमगलं. काकूंचा आकडा शेवटी असतो. माझा झालेला नव्हता.

याला दबाव म्हणायचं की आधार, ते मी अजून ठरवलेलं नाही. मी खिशातून मशीन काढलं आणि बोट टोचलं. शेजारी बसलेल्या बाबांनी डोळे मिटून घेतले. बायकांच्या ओळीतून आईने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही.

"एकशे बावन्न," मी म्हणालो. आवाज फुटला नसावा.

"आवाज नाही आला," काकू म्हणाल्या.

"एकशे बावन्न."

काकूंनी करंगळी टोचली. "माहा एकशे अठ्ठ्याऐंशी. वाढा."

मी शर्ट वर करून सुई घेतली आणि मुलीच्या वडिलांना, जे होतं ते सगळं सांगितलं. पाच-सहा वाक्यांत झालं. दोन वर्षं मी तेवढ्या वाक्यांना भीत होतो. मग तंबाखूवाल्या आजोबांनी आपलं बोट पुढे केलं. "माही बी पाहा बरं." त्यांच्यानंतर शेजारचे, मग पत्त्यांचा पूर्ण डाव. रोडगे परातीत निवत होते आणि काकू मळ्यातल्या माणसांची बोटं कडेने टोचत पुढे सरकत होत्या. पट्ट्या संपल्या तेव्हा रांगेतली उरलेली माणसं नाराज झाली.

निघताना मुलीचे वडील म्हणाले, "विचार करून कळवतो." आमच्याकडे याचा अर्थ काय, ते तुम्हाला सांगायला नको. आई माझ्याशी न बोलता डोणगावच्या बसमध्ये चढली. आमच्या बसमध्ये काकू खिडकीपाशी झोपल्या.

अठरा दिवस काही कळलं नाही. एकोणिसाव्या दिवशी रविवार होता. माडीवर वर्ग भरायच्या बेतात असताना जिन्यात चपला वाजल्या आणि ती आली, आत्याला बरोबर घेऊन, हातात नवी कोरी वही. मागच्या बाकावर बसली. माझ्याकडे बघितलं नाही. काकू उठून तिच्यापाशी गेल्या.

"बोटं दाखव."

तिने हात पुढे केला. काकूंनी चष्मा कपाळावर चढवला. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या अगदी टोकावर एक बारीक काळा ठिपका होता.

"हे कोनं टोचलं?"

"मीच. गावच्या दवाखान्यातल्या आशाताईची मशीन आनली होती. पाह्यलं कसं लागते ते."

"आकडा?"

"अठ्ठ्याण्णव."

"दुखलं?"

"हाव."

"इथं नसते टोचत," काकू म्हणाल्या. "कडेनं टोचाचं. अन् हे बोट तं पिठाचं असते."

त्या दिवशी माझा आकडा दोनशे ऐंशी आला. काकूंनी कारण विचारलं नाही.

आमच्या लग्नात त्या पहिल्या पंगतीला जेवल्या. आईशी त्यांची नंतर गट्टी जमली, ती इतकी की आई डोणगावहून जळगाव जामोदला गहू दळायला आणू लागली. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी काकूंच्या दंडाला नवं यंत्र चिकटवलं. ते आपोआप शुगर मोजतं आणि फोनवर दाखवतं, टोचायची भानगड नाही. काकूंना ते फारसं रुचलं नव्हतं. तीनही बोटांची भोकं बुजली, कातडी मऊ झाली. एकदा गिरणीत मला म्हणाल्या, "पाह्य, आता ह्या तिघाइले बी पीठ समजाले लागलं." आणि करंगळीवर गव्हाचं पीठ घेऊन अंगठ्याने चोळत बराच वेळ उभ्या राहिल्या.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. हृदय थकलं होतं. सकाळी गिरणी उघडली आणि तिथेच बाजेवर बसल्या बसल्या गेल्या. दळण चालू होतं म्हणतात.

तेरवीला त्यांच्या पुतण्याने रोडगे केले होते. आम्ही माडीवरचे सगळे एका ओळीत बसलो. मॅडम खामगावहून आल्या होत्या. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं, पण पाने मांडल्यावर सगळ्यांनी आपापलं मशीन काढलं. बोटं टोचली. टोकापासून आकडे सुरू झाले. एकशे सत्तर. दोनशे वीस. एकशे पाच. माझा दोनशे चाळीस, मी मोठ्याने सांगितला. माझ्यानंतर शेवटच्या बाईंनी सांगितला, नव्वद.

मग सगळे थांबले. वाढपी परात घेऊन उभा होता. त्याला काय ठाऊक, तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. मॅडमनी पदर डोळ्यांना लावला. रोडग्यांची वाफ कमी होत गेली.

माझी बायको माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा हात धरून उताणा केला, बोटं पाहिली आणि परत मांडीवर ठेवला.

"वाढा, दादा," ती वाढप्याला म्हणाली.